राज्ये बदलली, दप्तर टिकले : परभणी जिल्ह्याच्या महसुली अभिलेखांची वाटचाल

परभणी जिल्ह्याच्या महसुली दप्तराने आजवर पाच राजवटी पाहिल्या. आधी निजामाची असफजाही, मग सप्टेंबर १९४८ नंतरचे लष्करी प्रशासन, त्यानंतर हैदराबादचे लोकनियुक्त सरकार, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. दर वेळी कायदे बदलले, कामकाजाची भाषा बदलली, एकदा तर चलनी नाणेही बदलले. एवढ्या उलथापालथीतून शेताच्या नोंदीचा धागा मात्र तुटला नाही. आज जिंतूरचा किंवा पाथरीचा शेतकरी आजोबांच्या नावाचा जुना उतारा मागतो आणि तो त्याला मिळतो, त्यामागे दीडशेहून अधिक वर्षांची दप्तर राखण्याची शिस्त उभी आहे.

या वाटचालीत कसोटीचा एक कालखंड आला. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत हैदराबाद संस्थान युद्धाच्या छायेत होते आणि शेवटचे पाच दिवस प्रत्यक्ष युद्ध झाले. या काळात सरकारी कागद सतत धोक्यात होता. तरीही जिल्ह्याचे मूळ दप्तर शाबूत राहिले. ते कसे राहिले हे समजण्यासाठी त्याच्या जडणघडणीपासून सुरुवात करावी लागते.

पायाभरणी

हैदराबाद राज्यात कारभाराचे कागद राखण्याची परंपरा राज्याइतकीच जुनी आहे. निजाम-उल-मुल्क याने १७२४ मध्ये दख्खनेत आपली सत्ता स्थिर केली. पुढे राज्याचा हिशेब दोन मोठ्या दप्तरांत विभागला गेला, दफ्तर-ए-दिवानी आणि दफ्तर-ए-माल. मराठी मुलखाचे कागद दिवानी दप्तरात जात. हे दप्तर रायरायां या मूळच्या मराठी घराण्याकडे वंशपरंपरेने होते, तर माल दप्तर मालवाला या कायस्थ घराण्याकडे. अकबराच्या काळापासून वऱ्हाड सुभ्यात पाथरी हे एक सरकार म्हणून नोंदलेले होते, त्यामुळे आजच्या परभणी जिल्ह्याच्या भूमीला महसुली नोंदीची जुनीच सवय होती.

गावपातळीवर चित्र वेगळे होते. परगण्याचा हिशेब देशमुख-देशपांड्यांकडे, गावाचा पाटील-कुलकर्ण्यांकडे, आणि तो सारा मोडीत. दप्तर वाड्यातल्या फडताळात राही आणि वतनाबरोबर वारसाला मिळे. त्यातच वसुलीचे काम मक्त्याने देण्याची पद्धत होती. मक्तेदार रक्कम उगवून घेई आणि हिशेब आपल्यापाशी ठेवी. मक्ता दुसऱ्याकडे गेला की मागचे कागद हाती लागण्याची खात्री नसे.

ही घडी बदलली पहिल्या सालारजंगाने. १८५३ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी तो दिवाण झाला आणि पुढची तीस वर्षे त्या पदावर राहिला. मक्तेदारी बंद करून पगारी अधिकारी नेमणे आणि १८६५ ची जिल्हाबंदी ही त्याची दोन मोठी कामे. याच व्यवस्थेतून परभणी जिल्हा उभा राहिला. अव्वल तालुकदार हा जिल्ह्याचा प्रमुख, त्याच्या हाताखाली तहसीलदार, पेशकार, गिरदावर आणि गावी पटेल-पटवारी अशी साखळी तयार झाली. कचेरीत मुहाफिजखाना, म्हणजे दप्तरखाना, आला. कागदाचा मालक आता माणूस राहिला नाही, कचेरी झाली. जिल्ह्याच्या अभिलेख कक्षाची खरी सुरुवात येथून धरली पाहिजे.

एकाच्या चार प्रती

पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत या दप्तराला आकार आला. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मराठवाड्यात जमिनीची मोजणी व प्रतवारी झाली. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, आकार ठरला, सेतवार (मोजणीचे नोंदपत्रक) तयार झाले. १८८४ मध्ये राज्याच्या कारभारात फारसीच्या जागी उर्दू आली. १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७ चा हैदराबाद जमीन महसूल कायदा आला आणि तोच पुढे साठ वर्षे जिल्ह्याच्या महसुली कामाचा आधार राहिला. दरम्यान १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यातला रेल्वेमार्ग परभणीवरून गेला आणि जिल्ह्याचा टपाल-कागद राजधानीशी जलद जोडला गेला.

त्या काळातले एक पाहणी पत्रक उघडले तर कामाची शिस्त दिसते. डोक्यावर फसली साल आणि गावाचे नाव. खाली रकाने: नंबर, क्षेत्र, आकार, खातेदार, प्रत्यक्ष कसणारा, पीक, विहीर, झाडे. रक्कम हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या रुपयात, जो ब्रिटिश रुपयाहून सुमारे एक सप्तमांशाने हलका होता. मजकूर घाईच्या, नुक्ते गाळलेल्या उर्दूत, मधूनच पटवाऱ्याची मोडी सही. फसली सालात ५९० मिळवले की इसवी साल येते आणि वर्ष ऑक्टोबरमध्ये, आजूर महिन्याने सुरू होते, हे दोन नियम ठाऊक असल्याखेरीज आजही अभिलेख कक्षातल्या कर्मचाऱ्याला जुना कागद शोधता येत नाही.

इनामी जमिनींसाठी मुंतखब हा स्वतंत्र दस्त होता. अतियात, म्हणजे इनाम, खात्याची चौकशी पूर्ण झाली की तो दिला जाई. इनाम कोणाचे, कशासाठी, किती क्षेत्राचे, कोणत्या अटीवर आणि वारसांचे हिस्से किती, हे त्यात लिहिलेले असे. मशीद, दर्गा, मंदिर आणि मठ यांच्या जमिनींचा उलगडा आजही या एका कागदावर होतो.

या व्यवस्थेचे सर्वांत मोठे बळ तिच्या पुनरुक्तीत होते. गावचा आकडा पटवाऱ्याच्या दप्तरात असे, त्याचा गोषवारा तहसिलीत, तालुक्याची बेरीज जिल्ह्याला आणि जिल्ह्याचा जमा-वसूल हैदराबादला. मोजणीचे कागद मोजणी खात्यात वेगळे, इनामाचे अतियातीत वेगळे. एकच गोष्ट चार ठिकाणी लिहिण्याचा हा खटाटोप कारकुनाला जाचक वाटत असेल, परंतु संकटात तोच कामी आला.

राजधानीतही जुने कागद गोळा करण्याचे काम सुरू होते. औरंगाबादच्या किल्ले-अर्कमध्ये पडून असलेले शहाजहान व औरंगजेब यांच्या काळातले मोगल दप्तर १९१६ मध्ये हैदराबादला नेण्यात आले. दीड लाखांवर कागदांचा हा संग्रह पुढे दख्खनच्या इतिहासाचे मोठे साधन ठरला. मराठवाड्याच्या भूमीतून कागद निघून गेला ही खंत खरी, पण तो हयात राहिला हेही तितकेच खरे.

१३५७ फसली

दुसऱ्या महायुद्धाने पटवाऱ्याच्या दप्तरात एक नवे ओझे आणले, ते धान्याच्या लेव्हीचे. कोणाच्या शेतात किती पिकले आणि त्याने सरकारला किती द्यायचे याच्या याद्या गावोगाव झाल्या. टंचाईच्या दिवसांत या याद्यांनी शेतकऱ्याच्या मनात सरकारी कागदाविषयी चीड साठवली.

राजकीय जागृती तर त्याआधीच झाली होती. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला भरले, आणि परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. पुढच्या दहा वर्षांत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेस खेड्यापाड्यांत पोहोचली. भारत स्वतंत्र झाला, निजामाने विलीनीकरण नाकारले आणि २९ नोव्हेंबर १९४७ रोजी वर्षभराचा जैसे थे करार झाला. करार कागदावर राहिला. कासिम रझवीच्या रझाकार या निमलष्करी दलाचा जुलूम वाढत गेला आणि दुसऱ्या बाजूला वऱ्हाड, मुंबई इलाख्याच्या सीमेवर स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र शिबिरांनी जोर धरला. २६ जानेवारी १९४८ रोजी स्वामीजी पुन्हा तुरुंगात गेले. फसली सालाप्रमाणे ते १३५७ चे वर्ष होते.

या वर्षी जिल्ह्याच्या दप्तरावर तिहेरी संकट आले. पहिले आंदोलनाचे. शिंदीची झाडे तोडणे, जंगल सत्याग्रह, करोडगिरीचे (जकातीचे) नाके उद्ध्वस्त करणे आणि लेव्हीची दप्तरे जाळणे हा लढ्याचा भाग होता. निजामाचा अंमल गावात दिसत होता तो नाक्यावरच्या शिपायाच्या आणि पटवाऱ्याच्या बस्त्याच्या रूपाने, म्हणून घाव तेथेच बसला. या कृतीमागचा संताप न्याय्य होता आणि इतिहासाने तो तसाच मानला आहे. मात्र त्या आगीत काही गावांचे इतर कागदही गेले, ही गोष्ट नाकारता येत नाही.

दुसरे संकट रझाकारांचे. गावावर हल्ला झाला की घरे लुटली जात, जाळली जात. कुलकर्ण्याचे दप्तर त्याच्या घरातच असे, त्यामुळे घराबरोबर तेही जोखमीत पडे. तिसरे संकट स्थलांतराचे. जीव वाचवण्यासाठी सीमावर्ती गावांतील कुटुंबे वऱ्हाडात गेली. पाटील-कुलकर्ण्यांपैकीही काहींनी कामे सोडली, काहींनी गाव सोडले. पाहणी करायला माणूस नाही आणि नोंदवायला पीक नाही, अशी अनेक शिवारांची स्थिती झाली. जुन्या पाहणी पत्रकांच्या मालिकेत कुठे या सुमाराच्या वर्षांचा खंड दिसला, तर त्याचे कारण येथे शोधावे लागते.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्याने चहूबाजूंनी प्रवेश केला; हीच पोलीस कारवाई. मुख्य फळी सोलापूरहून नळदुर्गमार्गे सरकली. वऱ्हाडाच्या बाजूने कनेरगाव पहिल्याच दिवशी ताब्यात आले. ते तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, आज हिंगोलीत आहे. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांनी लष्करी गव्हर्नर म्हणून सूत्रे घेतली.

दप्तर कशाने वाचले

सत्तांतराच्या संधिकाळात दप्तराला सर्वांत मोठा धोका असतो. १९२२ च्या जूनअखेर डब्लिनमध्ये यादवी युद्धाच्या पहिल्याच लढाईत आयर्लंडचे सार्वजनिक अभिलेखागार जळाले आणि शतकानुशतकांच्या जनगणना व मृत्युपत्रांच्या नोंदी नष्ट झाल्या. त्या नोंदी एकाच इमारतीत आणून ठेवलेल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या अभिलेखागाराने मात्र आपले महत्त्वाचे दस्त शहराबाहेरच्या गढ्यांत आणि एका तुरुंगात हलवले.

परभणीत असे काही हलवण्याची योजना नव्हती आणि वेळही नव्हता. येथे वाचवले ते तीन गोष्टींनी. पहिली, लढाई लवकर आटोपली. पाच दिवसांत शस्त्रे खाली आली, तहसिलीच्या गावांना दीर्घ वेढा पडला नाही. दुसरी, नव्या सत्तेने कचेऱ्या मोडल्या नाहीत. मुलकी कारभाराची जबाबदारी मुख्य नागरी प्रशासक द. स. बखले यांच्याकडे आली, जिल्ह्यांत बाहेरच्या प्रांतांतून अधिकारी आले, पण तहसिलीतला अव्वल कारकून, पेशकार, गिरदावर बहुतेक तोच राहिला. कायदाही तोच राहिला, अगदी फसली साल धरून. आणि तिसरी गोष्ट म्हणजे वर सांगितलेली प्रतींची उतरंड. गावचा बस्ता जळाला तरी तहसिलीतले गोषवारे होते, मोजणी खात्यातले सेतवार होते. ज्या गावचा कागद गेला त्याची नोंद वरच्या पायरीवरून पुन्हा उभी करता येत होती.

या सत्तांतराची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात आणि लगतच्या जिल्ह्यांत सूडाचा भडका उडाला आणि अनेक निरपराध मुस्लीम कुटुंबांना प्राण, घर व जमीन गमवावी लागली. पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखालील समितीने १९४८ च्या अखेरीस फिरून याचा अहवाल दिला. तो कित्येक दशके अप्रकाशित राहिला. रझाकारांच्या काळात गाव सोडलेला आणि कारवाईनंतर गाव सोडलेला, दोघांनाही परतल्यावर आपली जमीन आपली आहे हे सांगायला आधार हवा होता. तो आधार धर्म न पाहता लिहिलेल्या पाहणी पत्रकानेच दिला असता. दप्तर राखण्याचे मोल अशा वेळी कळते.

पुनर्रचनेची सात वर्षे

१९४८ ते १९५५ हा जिल्ह्याच्या अभिलेखांचा सर्वांत कर्तृत्ववान काळ म्हणता येईल. १३५८ फसलीतच, म्हणजे लढाईनंतरच्या पहिल्याच महसुली वर्षात, हैदराबाद राज्यासाठी जमिनीच्या हक्कनोंदीचा स्वतंत्र कायदा आला. फेब्रुवारी १९४९ मध्ये निजामाचा खासगी मुलूख, सर्फ-ए-खास, राज्यात विलीन झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द झाल्या. हजारो जहागिरी गावांचे कागद तोवर जहागीरदारांच्या कचेऱ्यांत होते. ते ताब्यात घेणे, यादी करणे आणि दिवाणी (सरकारी) गावांच्या दप्तराशी जुळवणे हे काम तहसिलींवर आले.

१९५० मध्ये हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू झाला. संरक्षित कुळे ठरवण्यासाठी गावोगाव चौकशी झाली आणि १९५१ च्या कुळ नोंदवह्या तयार झाल्या. त्याच वर्षी जनगणनेबरोबर नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर भरले गेले. १९५२ मध्ये अतियात चौकशीचा कायदा झाला. या सर्वांचा कळस म्हणजे १९५४-५५ चे खासरा पत्रक. प्रत्येक गावच्या प्रत्येक नंबरात कोण खातेदार, कोणाची वहिवाट, कोणत्या हक्काने, हे नव्याने लिहिले गेले. मराठवाड्यात जमिनीचा दावा आजही या खासऱ्यापर्यंत मागे नेला जातो. दिवाणी न्यायालय असो की तहसीलदारासमोरचा फेरफाराचा वाद असो, पहिला प्रश्न येतो तो खासऱ्यात काय आहे याचा.

हे काम कोणी केले, याचे उत्तर एका नावात देता येत नाही. उर्दू जाणणारे जुने अहलकार, मोडी जाणणारे पटवारी, नव्याने भरती झालेले मराठी शाळांतून आलेले तरुण कारकून, मोजणी खात्याचे साखळी ओढणारे कामगार आणि कागद डोक्यावरून वाहणारे कोतवाल अशी ही मोठी फळी होती. एकाने उर्दूतला रकाना वाचायचा आणि दुसऱ्याने मराठीत उतरवायचा, या जोडकामातून जिल्ह्याच्या दप्तराची भाषा बदलली.

हैदराबादच्या मध्यवर्ती दप्तरानेही या काळात आपले काम थांबवले नाही. १९५० मध्ये, म्हणजे सत्तांतरानंतर दोनच वर्षांत, दफ्तर-ए-दिवानीने युसूफ हुसेन खान यांनी संपादित केलेला शहाजहानकालीन निवडक कागदांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे हेच दप्तर राज्य अभिलेखागार झाले आणि १९६० च्या दशकात तारनाका येथील स्वतंत्र इमारतीत गेले. आज तेथे चार कोटींहून अधिक कागद आहेत आणि त्यांतले बहुसंख्य फारसी व उर्दू आहेत.

महाराष्ट्रात

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. राज्य वाटले गेले तसे दप्तरही वाटले गेले. मराठवाड्याच्या चालू कामाचे कागद नव्या राज्याकडे आले, पण जुने मोगल व असफजाही दप्तर मुख्यतः हैदराबादलाच राहिले. परभणीच्या इतिहासाचा अभ्यासक आजही तेलंगणाच्या राजधानीत जातो, त्याचे मूळ या वाटणीत आहे.

१५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली आणि १३१७ फसलीचा कायदा निवृत्त झाला. त्याच वर्षी परभणी जिल्ह्याचे गॅझेटिअर प्रसिद्ध झाले. गॅझेटिअर विभागाची धुरा तेव्हा सेतुमाधवराव पगडी यांच्याकडे होती. निलंग्यात जन्मलेले, हैदराबादच्या मुलकी सेवेत घडलेले, मराठीबरोबर फारसी, उर्दू, तेलुगू आणि गोंडी जाणणारे पगडी हे जुन्या दप्तराला नव्या राज्याशी जोडणारा फार मोठा दुवा होते.

विकासाच्या कामांनी दप्तराचा वापर वाढवला. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणे, जायकवाडीचा डावा कालवा, १९७२ मध्ये परभणीत स्थापन झालेले कृषी विद्यापीठ, प्रत्येकासाठी जमिनी संपादित झाल्या आणि मोबदल्याचा हक्क जुन्या कागदांवरून ठरला. पुढे जिल्ह्याच्या सीमाही बदलल्या. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि परतूर तिकडे गेले. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. दोन्ही वेळी गठ्ठे मोजून, याद्या करून, पोच घेऊन हलवावे लागले. आज परभणी, पूर्णा, गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर, सेलू, मानवत आणि पाथरी या नऊ तालुक्यांची दप्तरे जिल्ह्याच्या अभिलेख कक्षाशी जोडलेली आहेत.

शांततेच्या या वर्षांत दप्तराचे शत्रू वेगळे होते. वाळवी, गळके छप्पर, ओल, उंदीर आणि जागेची टंचाई यांनी केलेले नुकसान युद्धाच्या नुकसानीपेक्षा कमी नव्हते. अ, ब, क, ड अशी वर्गवारी करून कायम ठेवायचे आणि मुदतीनंतर नष्ट करायचे कागद वेगळे करणे हे अखंड चालणारे काम आहे. दुसरी अडचण माणसांची. उर्दू माध्यमातून शिकलेली कर्मचाऱ्यांची पिढी निवृत्त झाली आणि कागद जागेवर असूनही वाचणारा मिळेना, अशी वेळ आली. २००५ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा आला आणि अभिलेख जपणे ही कायदेशीर जबाबदारी झाली. पाठोपाठ भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाने वेग घेतला. सातबारा, फेरफार आणि जुने अभिलेख यांचे स्कॅनिंग झाले आणि दप्तराला चार पायऱ्यांच्या जोडीला पाचवी प्रत मिळाली.

राज्याचे लक्ष

२०२३ मध्ये या दप्तराकडे सबंध राज्याचे लक्ष वळले. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठवाड्यातील निजामकालीन कागदांतून कुणबी नोंदी शोधणे हे तिचे काम होते. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क-पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चे राष्ट्रीय रजिस्टर, गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यू, शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या, वक्फचे मुंतखब, भूमी अभिलेखचे पक्के बुक आणि सेतवार यांची गठ्ठ्यागणिक तपासणी झाली. हैदराबादच्या दप्तरांतही शोध घेतला गेला. ऑक्टोबर २०२३ अखेर राज्य शासनाने जाहीर केले की १ कोटी ७२ लाख दस्तऐवज तपासले गेले आणि त्यांत ११,५३० नोंदी मिळाल्या. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी कुणबी नोंदींसाठी निजामकालीन हैदराबाद गॅझेटिअरच्या आधाराबाबत शासन निर्णय निघाला.

मराठा आरक्षणाच्या मागणीविषयी मतमतांतरे आहेत आणि तो वाद आपल्या जागी चालू राहील. दप्तराच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की इतक्या मोठ्या सामाजिक प्रश्नाचा निवाडा करायला बसलेल्या समितीला कागद समोर मांडता आले. ज्यांनी ते लिहिले त्यांना शंभर वर्षांनी कोणता प्रश्न विचारला जाईल याची कल्पना नव्हती. त्यांनी फक्त रकाना रिकामा ठेवला नाही.

युद्धकाळात अभिलेख जपण्याची जबाबदारी आज आंतरराष्ट्रीय कायद्यानेही मान्य केली आहे. १९५४ च्या हेग कराराने संग्रहालये व ग्रंथालयांबरोबर अभिलेखागारांनाही सशस्त्र संघर्षात संरक्षण दिले आणि भारताने १९५८ मध्ये तो मान्य केला. मात्र करार असो वा स्कॅनिंग, पायाभूत तत्त्व परभणीच्या दप्तराने १९४८ मध्येच सिद्ध केले आहे: नोंद एकाच जागी ठेवू नये, कचेरीची साखळी तुटू देऊ नये आणि वाचणारा माणूस तयार ठेवावा.

यातले शेवटचे काम आज सर्वांत निकडीचे आहे. उर्दू आणि मोडी वाचू शकणारे तरुण प्रत्येक तालुक्याला हवेत. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयामार्फत मोडीचे वर्ग घेतले जातात, त्यांचा लाभ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आणि महसूल कर्मचाऱ्यांनी घ्यावा. ज्या घरांत पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांची जुनी दप्तरे, सनदा किंवा मुंतखब असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत, प्लास्टिकमध्ये सीलबंद करू नयेत आणि दलालाच्या हाती देऊ नयेत. छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेखागारात किंवा जवळच्या विद्यापीठात दाखवून त्यांची प्रत करून घ्यावी आणि मूळ कागद सुती कापडात, कोरड्या जागी ठेवावा. सरकारी दप्तरात जेथे खंड पडला आहे, तेथे घरातला एखादा कागद तो भरून काढू शकतो.